माउसला ताईचा हात नको: कोहमाऱ्यासाठी मुलींच्या रोबोटिक्स वर्गाची कृती

मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता कोहमाऱ्यात भेटतो आणि पुढे नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे निघून जातो. सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांचा थांबा झालं आहे. मुली एकत्र जमू शकतील अशी ही जागा. मोठ्या मुलींनी लहान मुलींना रोबोटिक्स आणि कोडिंग शिकवण्याचा वर्ग इथे कसा उभा करता येईल, त्याची ही कृती आहे. ती नववी आणि अकरावीतल्या मुलींसाठी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या एका शिक्षिकेसाठी लिहिली आहे.

रोबोटिक्स म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा निघतो: लॅब कुठे आहे, अनुदान कुठे आहे? हे प्रश्न खरे आहेत, पण पहिले नाहीत. वर्गात एकच संगणक असला आणि मुलं-मुली एकत्र बसली की माउस कोणाच्या हातात जातो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे. मुली मागे उभ्या राहून बघतात आणि वही नीट लिहितात. बघून कोडिंग येत नाही. म्हणून या कृतीतला सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे लहान मुलीचा स्वतःचा हात, आणि तो हात चालू देणारी, तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असलेली ताई.

आपल्या राज्यात याचं एक चांगलं उदाहरण आहे. मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन यांनी ‘धारावी डायरी’ हा उपक्रम सुरू केला. तिथल्या शाळकरी मुलींनी एमआयटीच्या ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’वर ठोकळे जोडून मोबाइल अ‍ॅप बनवली. त्यातलं एक होतं संकटात सापडलेल्या बाईने इशारा पाठवण्यासाठी. दुसरं सार्वजनिक नळावरच्या रांगेसाठी, म्हणजे आपली पाळी आली की घरी कळावं म्हणून. मुलींनी विषय बाहेरून आणला नाही. रोज ज्या नळावर उभं राहायचं तोच उचलला. कोहमाऱ्याने धारावीकडून घ्यायचं ते हे. आपल्याकडे रांगेच्या जागी धानाची बांधी आहे, आणि या वर्गाचा शेवटचा प्रकल्प बांधीतल्या पाण्यावरच ठेवला आहे.

साहित्य

बारा लहान मुली (पाचवी ते सातवी), सहा ताया आणि एक शिक्षिका. चार मुलींमागे दोन ताया, असे तीन गट. ताया नववीतल्या आणि अकरावीतल्याच घ्या. दहावी-बारावीच्या मुली कितीही हुशार असल्या तरी घेऊ नका. दिवाळीनंतर त्यांचं लक्ष परीक्षेकडे जाणार आणि गट मध्येच पोरका होणार. निवडताना गुणपत्रिका पाहू नका. जी मुलगी धाकट्या बहिणीला न चिडता अभ्यासाला बसवू शकते, ती घ्या.

तीन लॅपटॉप किंवा शाळेचे चालू संगणक. दोनच असले तरी चालेल. तिसरा गट तेवढा वेळ वायरी जोडेल आणि गट फिरत राहतील.

तीन आर्डुइनो ऊनो बोर्ड, देशी किंवा चिनी बनावटीचे चालतील. प्रिंटरला असते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल, तीन ब्रेडबोर्ड, जंपर वायरींचे गठ्ठे, दहा-पंधरा एलईडी, 220 ओहम आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर, तीन लहान पाच व्होल्टचे बझर, तीन पुशबटणं. हे गोंदियाच्या किंवा नागपूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, नाही तर ऑनलाइन मागवता येतं. जवळच्या हायस्कूलमध्ये अटल टिंकरिंग लॅब असेल तर आधी तिथे विचारा. केंद्र सरकारची ही योजना 2016 पासून चालू आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, आणि प्रत्येक लॅबला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. अशा लॅबमध्ये हे सगळं सामान असतंच. ते शनिवारी दोन तास वापरायला मिळावं, एवढंच मुख्याध्यापकांकडे मागायचं.

सॉफ्टवेअर दोन: ‘स्क्रॅच’ आणि ‘पिक्टोब्लॉक्स’. स्क्रॅच एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पिक्टोब्लॉक्स अहमदाबादच्या स्टेमपीडियाचं आहे, स्क्रॅचसारखंच दिसतं आणि आर्डुइनोशी बोलतं. दोन्ही एकदा उतरवून घेतली की रोजच्या कामाला इंटरनेट लागत नाही, आणि आपल्या भागात ही सोय मोठी आहे. याशिवाय तीन स्टीलचे डबे, एक जाड वही, एक पॉवर बँक, आणि ‘मोडलेल्या वस्तू’ असं लिहिलेला एक खोका.

वेळ आणि परवानगी

वर्ग शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, दोन तास. मुली शाळेतच असतात, डबा खाऊन बसतात आणि उजेडात घरी पोचतात. बाहेरगावच्या मुलींच्या बसची वेळ आधी विचारून फळ्यावर लिहा आणि वर्ग त्याच्या अर्धा तास आधी संपवा. प्रयोग अर्धा राहिला तर राहू द्या. बस चुकली की पुढच्या शनिवारी ती मुलगी येणार नाही, कारण तिला पाठवायचं की नाही हे घरचे ठरवतात. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास कोणाकोणाकडे आहे तेही विचारून ठेवा. नसेल तर शाळेतून अर्ज भरून द्या.

महिने ठरवताना शेतीकडे पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, घरातली बाईमाणसं बांधीत असतात आणि धाकट्या भावंडांना मुलीच सांभाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, मग दिवाळी, दिवाळीनंतर गावोगावी मंडई आणि नाटकं. म्हणून तायांची तयारी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. लहान मुलींचे पहिले चार शनिवार त्यानंतर, मग कापणी-दिवाळीची सुट्टी, आणि उरलेले चार शनिवार डिसेंबर संपेपर्यंत. प्रदर्शन 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम असतोच.

पालकांकडून लेखी संमती घ्या. चिठ्ठीत चार गोष्टी असाव्यात: वर्ग कुठे, किती वाजता संपेल, शिक्षिका कोण, आणि मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही मोबाइल ग्रुपवर जाणार नाहीत. शिक्षिका वर्ग संपेपर्यंत खोलीत हजर हवी. ताया मुली आहेत, जबाबदार प्रौढ नाहीत. सुरक्षिततेचं ओझं त्यांच्यावर टाकू नये.

पहिली पायरी: तायांनी आधी स्वतः अडखळायचं

लहान मुली येण्याआधी चार शनिवार फक्त तायांचे. प्रत्येक ताईने पुढचे सगळे प्रयोग स्वतःच्या हाताने पूर्ण करायचे. नुसतं पाहिलेलं चालणार नाही. मग एकीने शिकवायचं आणि दुसरीने मुद्दाम चुकणाऱ्या पाचवीतल्या मुलीचं सोंग घ्यायचं. वायर उलटी लावायची, एखादा ठोकळा विसरायचा, गप्प बसायचं. गप्प बसणाऱ्या मुलीला बोलतं करणं हा शिकवण्याचा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्याचा सराव रिकाम्या वर्गात होत नाही.

याच काळात नियम पाठ करून घ्या.

ताईचा हात माउसला, कीबोर्डला आणि वायरीला लागणार नाही. बोट दाखवायचं, तेही स्क्रीनपासून वीतभर लांबून. ताई दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली तर उत्तम. हा नियम कडक वाटतो, पण यात सूट दिली की दहा मिनिटांत सगळं काम ताई करते आणि चार मुली प्रेक्षक होतात. म्हणजे जे टाळण्यासाठी वर्ग काढला तेच पुन्हा.

‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. याचं उत्तर नेहमी ‘हो ताई’ असतं. त्याऐवजी ‘मला करून दाखव’.

‘सोपं आहे’ असंही म्हणायचं नाही. जिला जमत नाही तिला हा शब्द लागतो.

आणि काही बिघडलं की तीन प्रश्न, याच क्रमाने: काय व्हायला हवं होतं? काय झालं? शेवटचा बदल कोणता केलास? बहुतेक चुका तिसऱ्या प्रश्नाला सापडतात. ताईला स्वतःला उत्तर माहीत नसलं तर तिने तसं सांगावं आणि दोघींनी मिळून शोधावं. ताईला सगळं येतं असं लहान मुलींना वाटत राहिलं, तर ताईसारखं होणं त्यांना अशक्य वाटेल.

तयारीतलं एक तांत्रिक काम विसरू नका. स्वस्त ऊनो बोर्डांवर बहुधा सीएच 340 नावाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर संगणकात आधी टाकावा लागतो. तो नसला तर केबल लावूनही पोर्टच्या यादीत बोर्ड दिसत नाही, आणि पहिलाच शनिवार त्यात जातो. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून प्रोग्राम जात नाही. तिन्ही केबल तपासून त्यांवर चिकटपट्टीने खूण करा.

दुसरी पायरी: संगणकाशिवाय

पहिल्या शनिवारी लॅपटॉप उघडायचा नाही. एक मुलगी रोबो होते, डोळे मिटते. बाकीच्या तिला दारापासून फळ्यापर्यंत नेतात, पण फक्त तीन आज्ञांनी: एक पाऊल पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. रोबोने स्वतःची अक्कल वापरायची नाही. बाक आला तरी आज्ञा आल्याशिवाय वळायचं नाही, फक्त पाऊल लहान टाकायचं. मग आज्ञा कागदावर लिहायच्या आणि दुसऱ्या गटाच्या रोबोला द्यायच्या. ‘पुढे, पुढे, पुढे, पुढे’ लिहून हात दुखला की एखादी मुलगी स्वतःच लिहिते: ‘चार वेळा पुढे’. तिथे ताईने थांबायचं, त्या कागदाचं कौतुक करायचं आणि सांगायचं की याला लूप म्हणतात. आधी गरज, मग नाव. हाच क्रम पुढे प्रत्येक गोष्टीत ठेवा.

मुली घरी जी भाषा बोलतात त्या भाषेत आज्ञा लिहू द्या. झाडीबोली असो, हिंदी असो, गोंडी असो. वर्गात शुद्धलेखन तपासायचं नाही.

तिसरी पायरी: स्क्रॅचमधली एसटी

दुसरा, तिसरा आणि चौथा शनिवार स्क्रॅचचा. प्रकल्प एकच: कोहमाऱ्याच्या थांब्यावर येणारी बस. मुलींनी स्वतः बस काढायची, मागे रस्ता काढायचा. स्क्रॅचचा रंगमंच 480 रुंद आणि 360 उंच असतो. मध्यबिंदू शून्य, उजवीकडे 240 पर्यंत, डावीकडे उणे 240 पर्यंत. ऋण संख्या गणितात नुसत्या रेषेवर पाहिलेल्या असतात. इथे त्या बसची जागा ठरवतात.

हिरवा झेंडा दाबला की दहा पावलं पुढे जा, असं चाळीस वेळा. बस धावते, मुली टाळ्या वाजवतात. पुन्हा झेंडा दाबला की बस उजव्या कडेला अडकून बसते. ही चूक व्हायलाच हवी. ताईने ती आधी टाळू नये. तीन प्रश्न विचारा. बस जिथे थांबली होती तिथूनच पुन्हा निघते, हे मुलींना स्वतः दिसतं, आणि मग सुरुवातीला ‘एक्स उणे 200 वर जा’ हा ठोकळा कोणीतरी लावते. एवढ्या एका शोधासाठी अर्धा तास गेला तरी तो वाया नाही. प्रत्येक काम सुरू होण्याआधी सगळं ठरलेल्या जागी आणायचं असतं, ही समज पुढे मोटर आणि सेन्सर चालवताना रोज लागते.

चौथ्या शनिवारी बस थांब्यावर दोन सेकंद थांबावी आणि बेल वाजावी. ज्यांचं लवकर होईल त्या प्रवासी चढवतील. दर दहा मिनिटांनी माउस पुढच्या मुलीकडे. वेळ पाहण्याचं काम दुसऱ्या ताईचं. तेवढ्यात वीज गेली तर ज्याची बॅटरी चालते त्या लॅपटॉपभोवती सगळ्या बसतील, किंवा पुढचा प्रोग्राम कागदावर लिहितील.

चौथी पायरी: पहिला दिवा

पाचव्या शनिवारी बोर्ड बाहेर काढायचा. आधी सुरक्षितता, फळ्यावर मोठ्या अक्षरांत: या वर्गात फक्त यूएसबीची किंवा पॉवर बँकेची पाच व्होल्ट वीज. भिंतीवरच्या सॉकेटला उघडी वायर कधीच नाही, शाळेतही नाही आणि घरीही नाही. लहान मुलींनी सोल्डरिंग करायचं नाही. वायरी बदलताना केबल काढलेली असावी.

एलईडीचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. ऊनोच्या 13 नंबरच्या पिनमधून 220 ओहमचा रेझिस्टर, तिथून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय जमिनीला म्हणजे ‘जीएनडी’ला. पिक्टोब्लॉक्समध्ये ठोकळे: पिन 13 चालू, एक सेकंद थांब, पिन 13 बंद, एक सेकंद थांब, आणि हे कायम. बोर्ड जोडलेला असताना ठोकळे लगेच चालवून पाहता येतात. प्रोग्राम बोर्डमध्येच भरला तर लॅपटॉप काढून पॉवर बँकेवरही दिवा लुकलुकतो. मुलींना दोन्ही दाखवा. लॅपटॉपशिवाय दिवा लुकलुकताना पाहिला की प्रोग्राम म्हणजे नेमकं काय ते कळतं. काही पॉवर बँक फार थोडी वीज ओढली तर आपोआप बंद होतात, म्हणून आपली आधी तपासून ठेवा.

रेझिस्टर कशाला, असं कोणीतरी विचारेल. नववीच्या ताईकडे उत्तर आहे, कारण ओहमचा नियम तिच्याच पुस्तकात आहे. पाच व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण दोन वजा केले, उरले तीन. तीनला 220 ने भागलं की सुमारे 14 मिलीअँपिअर. ऊनोच्या एका पिनमधून 20 पर्यंत घेणं ठीक. रेझिस्टर नसला तर एलईडी जळतो, कधी पिनही जाते. परीक्षेसाठी पाठ केलेलं सूत्र धाकट्या मुलीला समजावताना ताईला पहिल्यांदा खरं कळतं. या वर्गाचा निम्मा फायदा तायांचा आहे तो इथे.

सहाव्या शनिवारी बटण आणि बझर: बटण दाबलं की आवाज, सोडलं की शांत. ‘जर... तर... नाही तर’ हा ठोकळा इथे येतो.

पाचवी पायरी: बांधीचा पहारेकरी

शेवटचे दोन शनिवार मुख्यतः या कामासाठी. रोवणी झाल्यावर रोप रुजेपर्यंत बांधीत दोन-तीन सेंटीमीटर आणि पुढे साधारण पाच सेंटीमीटर पाणी राखायचं असतं, हे मुलींना घरूनच माहीत असतं. कोणाच्या आजीला ते बोटाच्या पेरावर मोजता येतं. तिला विचारून यायला सांगा. पाणी उतरलं की आवाज देणारं यंत्र बनवायचं आहे.

प्लॅस्टिकच्या टबात चिखल आणि पाणी भरा. एका काडीवर दोन स्टीलचे खिळे एकमेकांपासून बोटभर अंतरावर, एकाच उंचीवर बांधा. एका खिळ्याची वायर जमिनीला. दुसऱ्याची वायर ‘ए शून्य’ या पिनला, आणि त्याच पिनला 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून पाच व्होल्ट. खिळे कोरडे असले की बोर्ड 1023 च्या आसपास आकडा दाखवतो. दोन्ही पाण्यात बुडाले की पाण्यातून वीज वाहते आणि आकडा उतरतो. किती उतरेल ते पाण्यावर अवलंबून आहे: विहिरीचं, नळाचं, तलावाचं वेगळं. म्हणून ताईने आकडा सांगू नये. मुलींनी कोरडा आकडा पाच वेळा आणि ओला आकडा पाच वेळा मोजून वहीत लिहायचा आणि मधला कुठला तरी आकडा सीमा म्हणून निवडायचा. वाचन त्या सीमेच्या वर गेलं की पाणी उतरलं आहे, बझर वाजव.

काही वेळ ठेवल्यावर खिळ्यांभोवती बुडबुडे आणि काळपट थर दिसेल. पाण्यातून सतत एकाच दिशेने वीज वाहिली की धातू झिजतो. यावर उपाय मुलींनाच विचारा. अकरावीची ताई हळूच सुचवू शकते: पाच व्होल्टच्या ऐवजी रेझिस्टर 7 नंबरच्या पिनला जोडला, आणि मोजण्यापुरती ती पिन चालू करून लगेच बंद केली तर? दर दहा मिनिटांनी एकदा मोजलं तरी बांधीला पुरतं. पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी अल्ट्रासोनिक सेन्सर ठेवा. तो ध्वनी पाठवून प्रतिध्वनी ऐकतो आणि वेळेवरून अंतर काढतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. गेला आणि आला म्हणून निम्मं करायचं.

3 जानेवारीला टब, काडी आणि बझर गावासमोर मांडा. बोलायचं लहान मुलींनी, ताया मागे. उन्हाळी धान लावणारा कोणी शेतकरी तयार झाला तर यंत्र आठवडाभर त्याच्या बांधीत ठेवून पाहा. पावसापासून बोर्ड डब्यात, डब्याला खालून वायरीपुरतं भोक.

मोडतोड, वही आणि पुढचं वर्ष

एलईडी जळतील, वायरी तुटतील. दंड घेऊ नका, रागावू नका. मोडलेली वस्तू खोक्यात टाकायची आणि सोबत चिठ्ठी: काय करताना मोडली. दंडाची भीती बसली की मुली वस्तूंना हात लावत नाहीत. दर शनिवारी जाड वहीत एक पान: आज काय चाललं, काय अडलं, उरलेलं सामान किती. पान लहान मुलींनी लिहायचं, ताईने फक्त सही करायची.

आठव्या शनिवारी प्रत्येक लहान मुलीने पाचवीतल्या एखाद्या नव्या मुलीला एक प्रयोग शिकवायचा, हात मागे बांधून. जिला ते जमेल ती पुढच्या वर्षी उपताई. सामानाचे डबे, वही आणि नियमांचा कागद मावळत्या ताया तिच्या हवाली करतील. तीन वर्षं हे चाललं तर सातवीतून निघालेली मुलगी दहावीत जाण्याआधी दोनदा शिकवून झालेली असेल.

शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी हा विषय मांडावा. समितीकडे मागायच्या गोष्टी तीन: शनिवारचे दोन तास, संगणकाच्या खोलीची किल्ली, आणि त्या वेळी तिथे थांबायला तयार असलेली एक शिक्षिका.